पंचगंगेची पातळी सांगणारा आवाज कुठे गेला? एफएम केंद्राच्या चालकांना खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळ आणि कार्यक्रमप्रमुख,
कोल्हापुरात वाजणारं एक खासगी एफएम केंद्र

स. न. वि. वि.

केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला पहिल्या दोन परिच्छेदांतच कळेल, आणि मला कुणाची बदनामी करायची नाही. एवढ्या वर्षांत तुम्ही आम्हाला जे दिलं त्याची जाण ठेवूनच लिहितोय. जे काढून घेतलंत ते परत मागायचंय, म्हणून उघड लिहितोय.

शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं शेड आहे. तीन लेथ, एक शेपर, एक ड्रिल आणि आम्ही पाच माणसं. खिडकीच्या वर फळीवर रेडिओ ठेवलाय. लोखंडाचा भुगा आत जाऊ नये म्हणून त्याला प्लॅस्टिकची पिशवी घातलीय, स्पीकरपुरती कापलेली. त्याची एरियल मोडली तेव्हा मोटारीच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार खिडकीच्या गजाला गुंडाळून जोडली, ती आजही तशीच आहे. सकाळी शटर उघडलं की आधी उदबत्ती, मग रेडिओ, मग मेन स्विच. वडिलांच्या वेळेपासून हाच क्रम. फरक एवढाच की वडिलांच्या वेळी काटा आकाशवाणीच्या सांगली केंद्राच्या १२५१ वर असायचा आणि माझ्या वेळी तो एफएमवर तुमच्याकडे आला.

रेडिओच का, हे ज्यांनी लेथवर काम केलंय त्यांना सांगावं लागणार नाही. जॉब, म्हणजे लेथवर चढवलेला लोखंडाचा तुकडा, फिरत असतो तेव्हा नजर त्याला कापणाऱ्या टूलच्या टोकावर हवी आणि दोन्ही हात चाकांवर. मोबाइलकडे बघायला गेलं की बोट जातं. कानात काही घालायचीही सोय नाही, कारण टूल कापतंय की नुसतं घासतंय ते आवाजावरूनच कळतं. म्हणजे हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, आणि कान अर्धे मोकळे. त्या अर्ध्या कानात मावेल असं एकच साधन आहे. शिलाई मशिनवर बसलेल्या बायका, गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या, रिक्षावाला, पहाटे चपात्या लाटणाऱ्या खानावळीतल्या मावशी, या सगळ्यांचं तेच आहे. तुमच्या जाहिरात विभागाच्या कागदांत आम्ही कुठल्या रकान्यात येतो ते मला माहीत नाही, पण दिवसाचे दहा तास तुम्हाला ऐकणारी माणसं ही आहेत.

आता मूळ गोष्ट. तुमच्याकडे सकाळी सात ते अकरा एक ताई बोलायच्या. नाव नको, त्यांना या पत्रामुळे नव्या ठिकाणी त्रास व्हायला नको. कोल्हापूरच्याच. बोलणं कोल्हापूरचं, पण गावरान दाखवायचं म्हणून मुद्दाम ओढूनताणून आणलेलं नाही. आज के.एम.टी.ची कुठली बस बंद आहे, कुठल्या पेठेत पाणी येणार नाही, शाहू स्टेडियमवर आज कुणाचा सामना आहे, दहावीच्या निकालाचा दिवस असला तर कुणाला धीर द्यायचा, सगळं दोन गाण्यांच्या मधल्या मिनिटा-दीड मिनिटात. एका सोमवारी रेडिओ लावला आणि ताई नव्हत्या. गाण्यामागून गाणी लागत होती. आमचा जुना टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, म्हणाला, "रजेवर असतील." मंगळवारीही नव्हत्या. आठवडाभर आम्ही त्या रजेवर आहेत असंच धरून चाललो. मग कळलं की कार्यक्रमच बंद झाला, संध्याकाळचाही झाला, आणि आता दोन्ही वेळा दुसऱ्या शहरात ध्वनिमुद्रित केलेला हिंदी कार्यक्रम इथे जोडला जातो. एवढ्या वर्षांच्या आवाजाला "उद्यापासून मी नाही" हे एक वाक्य बोलायलाही तुम्ही वेळ दिला नाहीत. शेजारी घर सोडून जातो तेव्हा उंबऱ्यावर येऊन सांगून जातो. आमच्याकडची ही रीत तुम्हाला माहीत असायला हवी होती.

मी हे गाण्यांसाठी भांडत नाही. गाणी आता कुणाच्याही खिशात आहेत. भांडण त्या दीड मिनिटासाठी आहे.

त्या दीड मिनिटाची किंमत सांगतो. ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथलं शाळेतलं पोरही सांगेल. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शहरात यायची-जायची वाट बंद, पंप बुडाल्यामुळे नळाला पाणी नाही, कितीतरी भागांत वीज नाही. मोबाइल पहिल्या दिवशी चालले, दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या उतरल्या. माझी बहीण शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहते. गणपती तोंडावर आलेले, गल्लीत मूर्ती रंगवून तयार, आणि पाणी पायरी-पायरीने वर चढतंय. तिच्या घरी दोन पेन्सिल सेलवर चालणारा छोटा रेडिओ होता. त्यावर तुमचं केंद्र लागलेलं. तुमची माणसं स्टुडिओतच मुक्कामाला होती. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, बंधाऱ्यावर आता किती फूट, चिखली-आंबेवाडीकडे बोटी निघाल्या का, कुठल्या शाळेत जेवण मिळतंय, कुठल्या रस्त्याने जाऊ नका. जिल्हा प्रशासन जे सांगेल ते तुम्ही तासातासाला वाचत होता. बहिणीने रात्री दोन वाजता सासूबाईंना घेऊन घर सोडलं ते रेडिओवर ऐकून. पाणी त्यांच्या माळ्याच्या फळीपर्यंत आलं होतं, नंतर भिंतीवर रेघ दिसली. त्या रात्री तुम्ही आमच्या घरातली माणसं वाचवलीत. हे मी तेव्हा तुम्हाला पत्र लिहून कळवलंही होतं. कदाचित ते तुमच्या फायलीत असेल.

आणि आता गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ. दिवसभर धो-धो पाऊस. गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी आल्याचं एका टेम्पोवाल्याने येऊन सांगितलं. पाणी ३९ फुटांकडे चाललेलं, आणि सुतारवाड्यातल्या लोकांनी सामान बांधायला घेतलेलं. माझ्याकडे कामाला असलेला एक मुलगा नदीपलीकडच्या गावचा. त्याला घरी जायचं होतं आणि पूल चालू आहे की नाही हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मी सवयीने रेडिओचा आवाज मोठा केला. तुमच्या केंद्रावर एक तरुण हिंदीत विचारत होता, "मौसम इतना प्यारा है, तो लाँग ड्राइव्ह पे कहाँ जा रहे हो?" मग पावसाची गाणी. मग दुसऱ्या शहराच्या लोकल गाड्यांचा किस्सा. त्या पोराचा दोष नाही, त्याने ते कदाचित चार दिवस आधी बोलून ठेवलं असेल. माझ्याकडचा मुलगा मात्र फळीकडे बघत उभा राहिला, आणि मग अंदाजाने निघून गेला. रात्री साडेदहाला त्याचा फोन येईपर्यंत मला जेवण गेलं नाही.

हे घडू दिलं ते तुम्ही. नियमाने नाही घडलं. खासगी एफएमला बातम्या देता येत नाहीत, असं कारण तुमच्याकडून पुढे येईल म्हणून आधीच सांगतो. बातम्यांचं बंधन आहे, ते मला ठाऊक आहे. आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची परवानगी तेवढी आहे. पण सरकारने खासगी एफएमला टप्प्याटप्प्याने परवाने दिले, त्यातल्या २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात हवामान, वाहतूक, खेळ, परीक्षा आणि प्रवेश, सण-उत्सव, आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांच्या सूचना, हे सगळं बातम्यांच्या बाहेर धरून मोकळं ठेवलेलं आहे. म्हणजे पंचगंगेची पातळी सांगायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. २०१९ मध्येही नियम हेच होते आणि तेव्हा तुम्ही ते सांगितलं होतं.

ज्या धोरणाने तुम्हाला ही मोकळीक दिली, त्याच धोरणाने दुसरी एक वाटही उघडली. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००५ नंतर, एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवर जोडून लावायची सवलत लहान शहरांपुरती आणि विभागापुरती होती. तिसऱ्या टप्प्यात ती एका कंपनीच्या देशभरातल्या सगळ्या केंद्रांना मिळाली. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबर असेल. एक स्टुडिओ, एक निवेदक, वीस शहरं. पण त्यामुळे कोल्हापुरात उरलं काय? एक मनोरा, एक संगणक, आणि जाहिराती गोळा करणारी दोन माणसं.

तुम्ही म्हणाल, केंद्र आमचं, पैसा आमचा, हा माणूस कोण हक्काने मागणारा? तर थोडं मागचं सांगतो.

आपल्याकडे जाहिरातींवर चालणाऱ्या रेडिओची गोडी लागली ती श्रीलंकेतून. १९५२ मध्ये माहिती-प्रसारण खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, त्यांना सिनेसंगीत आकाशवाणीच्या पंक्तीला बसवणं पसंत नव्हतं. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाअखेरीस तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, एका टूथपेस्टच्या पैशावर. आकाशवाणीला जाग आली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. तिच्यावर जाहिराती यायला आणखी दहा वर्षं लागली, आणि त्या पहिल्यांदा वाजल्या त्या मुंबई, पुणे, नागपूर या तीन केंद्रांवर, १ नोव्हेंबर १९६७ ला. आकाशवाणीवरच्या जाहिरातींचा श्रीगणेशा असा महाराष्ट्रात झाला. म्हणून जाहिरातींचं आम्हाला वावडं नाही. आमचे वडील जाहिरातींच्या चाली कामावर गुणगुणायचे. मी स्वतः एकदा तुमच्याकडे दहा सेकंदांची जाहिरात दिली होती, पिठाच्या गिरणीचे शाफ्ट दुरुस्त करून मिळतील म्हणून, आणि गडहिंग्लजहून दोन गिरणीवाले पत्ता विचारत आले. धंदा करा, चार पैसे मिळवा, त्याबद्दल एक अक्षर वावगं बोलणार नाही.

पण सिलोनची गोष्ट तुमच्याच कामाची आहे. लोकांना हवं ते मिळालं नाही की ते केंद्राशी भांडत बसत नाहीत, काटा फिरवतात. आज तर काटाही फिरवावा लागत नाही. मोबाइलवरची गाण्यांची ॲप जाहिरातीशिवाय, हवं ते गाणं, हव्या त्या वेळी देतात. गाण्यांच्या शर्यतीत तुम्ही त्यांना गाठू शकणार नाही. त्यांच्याकडे एकच गोष्ट नाही: आज, आत्ता, कोल्हापुरात काय चाललंय हे सांगणारं माणूस. तेच तुमच्याकडे होतं आणि तेच तुम्ही काढून टाकलंत. कारखान्यात मंदी आली म्हणून कुणी लेथ विकून टाकत नाही हो, लेथ राखून बाकीचं विकतात.

हक्काचं म्हणाल तर ९ फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेला खटला. बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे, हे त्यात स्वच्छ म्हटलंय. त्याच निकालानंतर सरकारची मक्तेदारी सैल होत गेली, १९९९ मध्ये खासगी एफएमचा पहिला टप्पा आला आणि २००१ मध्ये बंगळूरला पहिलं केंद्र सुरू झालं. म्हणजे तुमच्या धंद्याचं दार ज्या वाक्याने उघडलं, त्याच वाक्यात आमचा हक्क लिहिलेला आहे. पहिल्या टप्प्यात दरवर्षी वाढत जाणारं ठरावीक शुल्क केंद्रांना झेपत नव्हतं, तेव्हा २००५ मध्ये सरकारने ते बदलून उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर आणलं. ती सवलत आम्हा लोकांच्या वतीनेच दिली गेली. कोल्हापूरला मिळालेली लहर मोजकी आहे. एक तुम्ही धरली की ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही. मग तिच्यावर कोल्हापूर ऐकू यायला नको का?

बाकीच्या तक्रारीही लिहितो, कारण एकदा पत्र लिहायला बसलोय.

मराठी गाणी तुम्ही पहाटेला नेऊन ठेवलीत. सहाच्या आत भक्तिगीतं, मग दिवसभर एखाद-दुसरं, तेही गेल्या दोन वर्षांतल्या सिनेमातलं. हिंदी गाण्यांशी माझं वैर नाही, माझ्या पिढीचं अर्धं आयुष्य त्यांच्यावर गेलंय. पण ज्या गावात सुधीर फडके जन्मले, ज्या गावात जगदीश खेबुडकर राहिले, शिकवत राहिले आणि इथेच गेले, त्या गावच्या केंद्रावर दुपारी बारा वाजता मराठी गाणं लागलं तर नवल वाटावं, ही वेळ का यावी? आमच्याकडची पोरं वीस-बावीस वर्षांची आहेत. त्यांना मराठी जुनं गाणं आवडत नाही असं तुमचं मोजमाप सांगत असेल. जेवणाच्या सुट्टीत ती आपल्या मोबाइलवर तीच गाणी लावतात, हे मी रोज बघतो.

गाणं कुणाचं हे तुम्ही सांगत नाही. ही तक्रार लहान वाटेल, पण मला ती लागते. मी आठवी शिकलो. खेबुडकर कोण, गदिमा कोण, राम कदम कोण, शांता शेळके कोण, हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. आकाशवाणीचे निवेदक प्रत्येक गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक सांगायचे. तीन नावं, पाच सेकंद. ते पाच सेकंद ऐकत ऐकत एक टर्नर कवींची नावं ओळखायला लागला. तुमच्याकडे फार तर सिनेमाचं नाव येतं, नाहीतर नायकाचं. ज्याने शब्द लिहिले त्याचं नाव त्याच्याच गावच्या केंद्राने घेऊ नये, हे मला पटत नाही.

तीच तीच गाणी आणि सलग वाजणाऱ्या जाहिराती यांबद्दल फार लिहीत नाही, सगळेच बोलतात. एवढंच सांगतो की आमच्याकडे एक जॉब चढवून उतरवेपर्यंत जाहिरातीच चालू असतात, आणि त्यात इथल्या दुकानांच्या जाहिराती बोटांवर मोजण्याइतक्या. गुजरीतले सराफ, लक्ष्मीपुरीतले व्यापारी पाडव्याला तुमच्याकडे रांग लावायचे. आता त्यांचे फलक चौकात दिसतात. ताई नसतील तर त्यांनी तरी कुणाच्या भरवशावर पैसे लावायचे?

आणि शेवटची तक्रार, आमचं म्हणणं ऐकायला तुमच्याकडे कुणी नाही. पूर्वी स्टुडिओचा फोन लागायचा. आता ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते आणि फोन तुटतो. ताईंच्या कार्यक्रमाबद्दल मी दोन पत्रं लिहिली, दुसरं रजिस्टर टपालाने. पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून हे तिसरं सगळ्यांसमोर.

खर्च परवडत नाही, हे तुमचं म्हणणं मी खोटं ठरवणार नाही. तुमचा हिशेब मी पाहिलेला नाही. धंद्यातला माणूस आहे, मंदी काय असते ते कळतं. आमच्याकडेही एका वर्षी दोन लेथ झाकून ठेवले होते. म्हणून अवाच्या सवा काही मागत नाही. मागतो ते असं:

१) सकाळी तीन तास आणि संध्याकाळी दोन तास कोल्हापुरातून, कोल्हापूरच्या माणसाने, थेट बोललेला मराठी कार्यक्रम पुन्हा सुरू करा. बाकीचे एकोणीस तास तुमचं जोडलेलं काय ते चालू द्या. ताईंना परत बोलावलंत तर आनंदच आहे, दुसरं कुणी आणलंत तरी चालेल, पण जामदार क्लबचा रस्ता कुठे आहे ते त्या माणसाला विचारावं लागू नये.

२) जून ते सप्टेंबर रोज ठरलेल्या वेळी राजाराम बंधाऱ्याची पातळी, राधानगरीचे दरवाजे, बंद रस्ते आणि पूल, जिल्हा प्रशासनाकडून घेऊन सांगा. पाणी ३९ फुटांवर गेलं की दर तासाला. ४३ च्या वर गेलं की बाहेरून जोडलेला कार्यक्रम थांबवून स्टुडिओत माणूस बसवा, रात्रीसुद्धा. यात तडजोड सुचवू नका.

३) दिवसाच्या उजेडात, म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळात, तासाला निदान तीन मराठी गाणी लावा, आणि त्यांच्याबरोबर गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं घ्या.

४) २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्या माणसांनी जे बोललं त्याची ध्वनिमुद्रणं तुमच्याकडे असतील तर ती पुसू नका. विद्यापीठाला किंवा एखाद्या ग्रंथालयाला द्या. या शहराने पूर कसा काढला त्याचा तो दस्तऐवज आहे आणि पुढच्या पुराला तो उपयोगी पडेल.

५) आठवड्यातून अर्धा तास श्रोत्यांचे फोन घ्या. टीकेचेही.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही एक गोष्ट. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, आणि मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना त्यातून चालना मिळेल असं तेव्हा सांगितलं. लातूर, चंद्रपूर, मालेगाव अशी आपल्याकडची गावंही त्यात आहेत. तिथल्या लोकांनी केंद्र येईल तेव्हा पेढे जरूर वाटावेत, आणि पहिल्याच दिवशी विचारावं की बोलणारं माणूस इथे बसणार आहे की दुसरीकडे. आम्ही ते विचारलं नव्हतं. आम्हाला वाटलं, आपल्या गावाच्या नावाने वाजतंय म्हणजे आपल्याच गावात बोलतंय.

या पत्राखाली उद्यमनगरातल्या चाळीसेक शेडमधल्या लोकांनी सह्या केल्या आहेत. सह्यांचे कागद तुमच्या कार्यालयात नेऊन देतो. उत्तर टपालाने पाठवू नका. रेडिओवरच द्या, सकाळी साडेदहा वाजता. तेव्हा आमच्याकडे चहा येतो, मशिनी बंद असतात आणि सगळ्यांना नीट ऐकू येतं.

आपला,
एक जुना श्रोता
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर